दगड, नग सहा

पंचनाम्यातून

…सदर ठिकाणी डांबरी रस्त्याच्या उत्तर कडेस काळे दगड, नग पाच, विस्कटलेल्या स्थितीत. दगड क्र. ३ च्या वरील बाजूस तांबूस डाग, रक्ताचा असावा. खालील बाजूस शेण. मोटारसायकल आडवी पडलेली. दुधाचे रिकामे कॅन, नग दोन…

हा पंचनामा माझ्या अक्षरात आहे. मी जया, गावची पोलीस पाटील. फौजदार सांगत होते, मी लिहीत होते. यातला एकही शब्द खोटा नाही. एक शब्द चुकलेला आहे, आणि एक आकडा.

दगड पहिला
*चपटा, वजन अंदाजे सहा किलो, एक कोपरा उडालेला.*

सोमवारी सकाळी सव्वासातला निमगाव साव्याचा कुशाबा आळेफाट्याला दूध घालून परत निघाला होता. आमच्या हद्दीतलं वळण घेतलं की बेल्ह्याकडे तोंड होतं, आणि जानेवारीत त्या वेळेला सूर्य बरोबर डोळ्यांत येतो. त्याच्या मोटारसायकलचं पुढचं चाक दगडांवर चढलं. दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

दगड तिथं कसे आले, हे कुणीच विचारलं नाही. या रस्त्यावर राहणाऱ्याला ते विचारावं लागत नाही. ट्रक बंद पडतो. ड्रायव्हर मागं वीस-पंचवीस पावलांवर दगडांची तिरकी ओळ मांडतो, एखादी फांदी खोचतो, म्हणजे मागून येणारा बाजूनं जातो. गाडी दुरुस्त झाली की ड्रायव्हर निघून जातो आणि दगड राहतात. असे दगड मी स्वतः कितीदा शिव्या देत उचललेत. त्यामुळे त्या सकाळी सगळे एकच विचारत होते, ट्रक कुठला.

तेही दहा वाजेपर्यंत कळलं. वळणापासून दोनशे पावलांवर बेल्ह्याच्या बाजूला रमणशेठचं पेंडीचं दुकान आहे. दुकानावर कॅमेरा आहे. रविवारी दुपारी एक लांब पल्ल्याचा ट्रक वळणावर बंद पडला होता, हे अर्ध्या गावानं पाहिलं होतं. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तो दुकानासमोरून गेला, तेव्हा त्याच्या मागच्या फळीवरचा फोन नंबर कॅमेऱ्यात आला. ड्रायव्हरचं नाव जानकू. भिवंडीहून हैदराबादकडे.

फौजदार म्हणाले, माल उतरवून येऊ द्या, शुक्रवारी जबाब घेऊ, सही करेल आणि विषय संपेल.

पंचनामा संपवून निघताना मी कडेला थांबले. तिथं वाळलेल्या फांदीवर उभा ठेवलेला, कुंकू लावलेला एक छोटा उभट दगड होता. कुणीतरी त्याच्यापुढं झेंडूचं फूल ठेवलं होतं. माणूस गेलेल्या जागी असावं तसं सगळं होतं. मीही हात जोडले, डोळे मिटले आणि निघाले.

दगड दुसरा
*ओबडधोबड, सात किलो. एका बाजूला काळा रबराचा घासा.*

जानकूला मी फोन लावला. तो जहीराबादेत होता, माल उतरायची वाट बघत. मूळचा आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला, डोंगरातला. वय चोपन्न. घरी भाताची चार खाचरं, थोडी नाचणी. उरलेलं आयुष्य स्टेअरिंगवर.

काय झालं ते मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, दूधवाला म्हणजे लाल मफलरवाला का? रविवारी दुपारी गाडीखाली पडून तो मिस्त्रीची वाट बघत होता, तेव्हा कुशाबानं मोटारसायकल थांबवून त्याला पाणी दिलं होतं. दोन तांबे.

मी सरळ विचारलं, निघताना दगड काढले होते का.

“काढलं असतील,” तो म्हणाला.

असतील म्हणजे काय, मी विचारलं.

“पाटीलबाई, बत्तीस वर्षं हेच करतुया. हात आपसूक करत्यात. दगड काढल्याचं डोळ्यापुढं येतं माझ्या, पर ते तुमच्या वळणावरचं का आणिक कुठलं, हे मला सांगता येत न्हाई. शपथ घाला म्हणाल, तर न्हाई घेणार मी.”

खोटं बोलणारे मी पाहिलेत. ते शपथ चटकन घेतात. हा माणूस स्वतःला सोडवू शकत होता आणि सोडवत नव्हता. मला त्याचीच भीती वाटली. शुक्रवारी त्याच्यापुढं कागद ठेवला की तो सही करणार होता. दगड ठेवल्याचं आठवत होतं म्हणून नव्हे, काढल्याचं आठवत नव्हतं म्हणून.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, “खटल्याचं काय व्हायचं ते व्हऊ द्या. लायसन गेलं तर गेलं. मला एवढंच सांगा, त्ये माझ्या हातानं राह्यलं का.”

माझ्याकडं चार दिवस होते, आणि ओसरीवर गोणपाटात मुद्देमालाचे पाच दगड.

दगड तिसरा
*वरून सपाट, पाच किलो. वर तांबूस डाग. खाली शेण.*

ज्ञानेश्वर, आळेफाट्याचा मिस्त्री. माझे प्रश्न लिहीत नाही, उत्तरांवरून कळतील.

मेन पाटा तुटला व्हता, चाकावरच्या कमानीचा. दोन तास लागले. माणूस भला. चहा पाजला त्यानं मला, मी त्याला पाजायचा तर त्यानंच.

नाय. जॅक लाकडी ठोकळ्यांवर लावतो मी. दगडावर जॅक लावणारा मिस्त्री मी नव्हं. त्याच्या दगडांना माझा हात लागला नाय.

सहा का सात असतील. मोजलं कुणी? फांदीपण व्हती, करंजाची.

मी आधी निघालो. पावणेपाचला. हत्यारं बांधाया घेतली तवा दगड रस्त्यावरच व्हतं.

आरशात दिसला ना. कडंला खाली वाकला व्हता, काय तरी करत व्हता. आता माणूस कडंला वाकून काय करतो, पाटीलबाई, ते का म्या सांगायचं?

ज्ञानेश्वर हसला. मलाही हसू आलं, आणि हसल्यामुळं मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

रमणलाल, पेंडीचे व्यापारी. यांचे आजोबा राजस्थानातून बेल्ह्याच्या बाजाराला आले आणि राहिले. रमणशेठची मराठी माझ्यापेक्षा चोख आहे. त्यांच्यावरही माझा संशय होता. सरकी-पेंडीची पोती घेऊन त्यांची पिकअप रोज येते, पोती उतरताना चाकाला दगड लावलेला मी पाहिलाय, आणि ट्रकचा नंबर द्यायची त्यांनी फार घाई केली होती.

ते शांतपणे मला मागच्या अंगणात घेऊन गेले. अंगण सपाट, फरशीचं. चाकाखाली लावायचे त्यांचे दोन दगड भिंतीशी होते, दोन्हींवर पांढरा चुना. चुना कशाला, मी विचारलं.

“आपले म्हणून ओळखू यावेत, राहिले तर आपल्या नावावर राहावेत,” ते म्हणाले. “पाटीलबाई, घाई केली कारण मला कुशाबा माहीत होता. वीस वर्षं पेंड नेत होता.”

कॅमेऱ्यात अजून काय आहे, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पोलिसांनी रविवारची संध्याकाळ मागितली होती, रमणशेठनी रविवारची संध्याकाळ दिली होती. मागितलं तेवढं देणं हा त्यांचा स्वभाव आहे.

दगड चौथा
*लांबट, सात किलो. रबराचा घासा.*

ज्यानं कुशाबाला उचलून दवाखान्यात नेलं, त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घ्यायचा होता. दादाभाऊ, आंबेगाव तालुक्यातल्या पेठचा बैलांचा व्यापारी. दर सोमवारी टेम्पोत बैल भरून बेल्ह्याच्या बाजाराला येतो. पन्नाशीचा, धिप्पाड, बाजारात दहाजणांना पुरून उरेल असा आवाज. माझ्यापुढं मात्र इतका हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं.

तो बाजाराकडून परत येत होता. वळणावर माणूस पडलेला दिसला. टेम्पो रिकामाच होता, त्यात घातला. बस.

सोमवारी सव्वासातला बाजार रंगात आलेला असतो. त्या वेळेला बैल सोडून कुणी बाजाराबाहेर येतं का, मी विचारलं.

कासरा इसरला व्हता, तो म्हणाला. घरी का, मी विचारलं. घरी न्हाई, रस्त्यात पडला आसंल म्हणून बघायला आलतो.

सापडला का?

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काय मी त्याला कुशाबाबद्दल विचारलं. मग नाही म्हणून मान हलवली.

मी लिहून घेतलं: साक्षीदाराने माणुसकी दाखवून जखमीस मदत केली. तेही खरंच होतं.

दगड पाचवा
*सहा किलो. विशेष काही नाही.*

बुधवारी सकाळी सावडायचं उरकल्यावर कुशाबाची बायको लंकाबाई म्हणाली, मला जागा बघायची. दिरानं तिला मोटारसायकलवर आणलं. मला निरोप आला म्हणून मीही गेले.

ती रडत नव्हती. रस्त्याकडं बघितलं, सूर्याकडं बघितलं. तोवर त्या कुंकवाच्या दगडापुढं फुलं वाढली होती, कुणीतरी उदबत्ती खोचली होती. दीर पुढं झाला आणि थबकला. सुतकात देवाला हात जोडायचे नसतात. दोघंही चार पावलं लांब उभे राहिले. मी मात्र सवयीनं हात जोडले.

लंकाबाई बघत होती. तिला हात जोडता येत नव्हते, म्हणून ती नुसती बघत होती.

“पाटीलबाई,” ती म्हणाली, “माझं म्हायेर हितलंच, पलीकडच्या मळ्यातलं. ह्या वळणावर देव नव्हता कधी. ह्यो कवा बसवला?”

दगड सहावा
*यादीत नाही.*

अकरा वर्षं मी त्या वळणावरून रोज जाते. तिथं देव नव्हता. सोमवारी होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हात जोडले. हात जोडले की डोळे मिटतात.

घरी आले. गोणपाट सोडलं, तिसरा दगड काढला. बोट ओलं करून त्या तांबूस डागावर फिरवलं. रक्त तीन दिवसांनी काळं पडतं, तपकिरी होतं. माझं बोट लालभडक झालं. मी वास घेतला. कुंकू. पंचनाम्यात चुकलेला शब्द ‘रक्ताचा’ हा होता.

डाग नीट पाहिला, तर तो डाग नव्हताच. कुंकू सांडावं तसं कडेकडेनं भुरभुरलं होतं आणि मधोमध अंड्याच्या आकाराची जागा कोरी होती. रांगोळीत ठेवलेली समई उचलली की खाली राहते, तशी.

गुरुवारी दुपारी जानकू आला. बारीक, काळासावळा, धुतलेला शर्ट. आल्या आल्या म्हणाला, उद्यापर्यंत कशाला थांबायचं, सही आजच देतो. मी म्हटलं, आधी माझं एक काम करा. दोन माणसांनी दगडांचं गोणपाट उचललं आणि आम्ही वळणावर गेलो. फुलं मी आधीच बाजूला सारली होती. कुंकवाच्या दगडाबद्दल मी त्याला एक शब्द सांगितला नाही. तो त्या दगडाकडं पाठ करून उभा राहील, अशी जागा दाखवली.

“समजा, गाडी दुरुस्त झाली,” मी म्हटलं. “आता निघायचंय. दगडांचं काय करता?”

त्याला आधी ते बरं वाटलं नाही. ज्या दगडांनी माणूस मेला, त्यांना हात लावायचा म्हणजे. मग खाली बसला. सगळ्यात मोठा, दुसरा दगड आधी घेतला, सपाट बाजू खाली. त्याला टेकून चौथा. पहिला दगड उडालेल्या कोपऱ्यानं त्या दोघांच्या खाचेत बसवला. तो बघत नव्हता, बोटांनी चाचपत होता. पाचवा आला. मी विचारलं, एवढं नीट कशाला? तो म्हणाला, आमच्याकडं भाताच्या खाचराला दगडी ताल घालत्यात, बांध. दगड फेकायचा नसतो, बसवायचा असतो. फेकलेला दगड पावसात वाट सोडून जातो.

शेवटी तिसरा दगड, सपाट बाजू वर.

आणि मग त्याचा हात पुन्हा गोणपाटात गेला. गोणपाट रिकामं होतं. हात तिथंच राहिला, हवेत, काहीतरी उचलल्यासारखा.

“एक कमी हाये,” जानकू म्हणाला.

त्याच्या डोक्याला आठवत नव्हतं ते हाताला आठवत होतं. तो उठला, वळला, आणि त्याला तो दगड दिसला. खाली दाबली गेलेली करंजाची फांदी दिसली.

“ह्यो माझा,” तो म्हणाला. मग लाजल्यासारखा, “ज्या जागंनं दिसभर ठिवून घेतलं, तिला कुंकू लावतो मी. डॅशबोर्डावर डबी असती. दगड रचून झालं की वरच्या दगडाला लावायचं, पाया पडायचं, मंग गाडी चालू. माझी आय खाचरावर करायची तसं. कुणाला सांगत न्हाई, पोरं हसत्यात.”

ज्ञानेश्वरला आरशात दिसलं होतं ते हे.

मी त्याला म्हटलं, ठेवा तो जागेवर. त्यानं कुंकवाचा दगड उचलून तिसऱ्या दगडावर ठेवला. कोऱ्या राहिलेल्या अंड्यात तो अचूक बसला. कुंकवाची रेघ दोन्ही दगडांवरून अखंड गेली.

मग मी त्याला आणि स्वतःला समजावून सांगितलं. कुंकू लागलं तेव्हा तिसरा दगड रस्त्यावर नव्हता, इथं रचलेला होता, सहाव्याच्या खाली. म्हणजे रविवारी पाचच्या सुमाराला सगळे दगड रस्त्याबाहेर होते. सोमवारी तोच तिसरा दगड रस्त्यावर सापडला, खाली ओलं शेण चिकटलेला. शेणात डांबराच्या खडीचा ठसा आहे. मधल्या वेळात कुणीतरी ढीग मोडला. ज्यानं मोडला त्याला दगड हवे होते. दोन दगडांवर टायरचा घासा आहे, म्हणजे चाकाखाली लावायला. आणि तो माणूस असा, की कुंकू लावलेला दगड चाकाखाली घालायला त्याचा हात धजला नाही. त्यानं तो उचलून बाजूला ठेवला. आडवा टाकला नाही. फांदीवर उभा ठेवला, रस्त्याकडं तोंड करून.

जानकू रस्त्याच्या पलीकडं, जिथून त्यानं दगड घेतले होते त्या शेताच्या दगडी बांधाकडं बघत होता. बांधात सहा ताजी भोकं होती. मी सोमवारी पाच दगड मोजले होते. बांध मोजायला हवा होता.

“म्हंजे माझ्या हातानं न्हाई राह्यलं,” तो म्हणाला.

नाही, मी म्हटलं.

मला वाटलं त्याला हायसं वाटेल. तो तसाच ढिगाकडं बघत राहिला.

“पर म्या रचून ठिवलं, म्हून त्याला आयतं घावलं.”

बैल

रमणशेठना मी सोमवारची सकाळ मागितली. त्यांनी दिली.

सहा वाजून पन्नास मिनिटं. दोन बैल, शिंगं लाल रंगवलेली, एक म्हातारा त्यांना दोरीनं चालवत बाजाराकडं नेतोय. त्यांच्या मागं रिकामा टेम्पो. सात वाजून चौदा मिनिटांनी तोच टेम्पो उलट दिशेनं, जोरात.

आमच्या घरी बैल होते. माझे वडील बाजाराच्या दारात बैल कधी उतरवत नसत. टेम्पोत उभा राहून बैलाचे पाय आखडतात. तसाच उतरवला तर गिऱ्हाईकापुढं लंगडल्यासारखा चालतो, आणि गिऱ्हाईक आधी चाल बघतं. म्हणून जाणता व्यापारी बाजाराच्या अलीकडं, जिथं रस्त्याला लागून मातीची उंच कड असेल तिथं टेम्पो मागं लावतो. बैल फळीशिवाय सरळ कडेवर उतरतो. मग अर्धा मैल चालवत न्यायचा, पाय मोकळे होतात. आमच्या वळणावर अशी कड आहे. तिथं जमीन रस्त्याकडं उतरती आहे.

पेठला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दादाभाऊ गोठ्यात होता. तेच दोन बैल, लाल शिंगांचे, दावणीला होते. विकलेच नव्हते त्यानं. सोमवारी परत घेऊन आला होता.

मी कॅमेऱ्याचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “दादाभाऊ, कुंकवाचा दगड बाजूला का ठेवला?”

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. हात थांबला नाही.

“त्यो कसा लावायचा चाकाला,” तो म्हणाला.

मग बाकीचं आलं. पहिला बैल उतरवला, पुढं आणून उभा केला, त्यानं तिथंच शेण टाकलं. वजन कमी झालं तशी गाडी रस्त्याकडं सरकायला लागली. दुसरा बैल अजून आत होता. कडेला दगड रचलेले दिसले. पुढच्या चाकांना लावले, घाईत, शेणात का कशात न बघता. दुसरा उतरला, बिथरला, सगळे त्याच्यामागं धावले. दोन्ही बैल घेऊन म्हातारा गडी पुढं झाला. दादाभाऊनं गाडी जरा मागं घेतली, बाजू देऊन निघाला.

“बाजारात पोचलो. चा घेतला. कप तोंडाला लावला आन् आठवलं.” तो थांबला. “कासरा बिसरा काय नव्हता, पाटीलबाई. दगडं काढायला आलतो.”

किती उशीर झाला असेल, मी मनात मोजलं. कुणी सांगावं, दोन मिनिटं असतील.

एवढ्यावर तो थांबला असता तर मला चाललं असतं. पण तो थांबला नाही.

“केबिनमधी शेजारी आडवा घातला व्हता, त्यो सुद्दीत व्हता थोडा. माझ्या मांडीवर डोकं. मला इचारलं त्यानं, दगडं कुणी ठिवली रं. म्या म्हणालो, ट्रकवाल्यानं.”

बैलानं शेपूट हलवली. दादाभाऊच्या मोठ्या आवाजातलं काही उरलं नव्हतं.

“त्यो म्हणला, न्हाई. त्यो भला माणूस व्हता.”

शुक्रवारी दादाभाऊ माझ्याबरोबर फौजदारांपुढं स्वतःहून आला. मी त्याला बोलावलं नव्हतं.

पुरवणी

जानकूचा जबाब साक्षीदार म्हणून झाला. फौजदारांनी वळणावर येऊन तिसरा आणि सहावा दगड एकमेकांवर ठेवून फोटो काढले. पाच दगड मुद्देमालात गेले. सहावा उचलायला कुणी हवालदार तयार होईना, म्हणून तो जागेवर राहिला.

त्या संध्याकाळी जानकू लंकाबाईला भेटायला गेला, मी वाट दाखवायला. सगळं त्यानंच सांगितलं, रचून ठेवल्याचंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यांनी तुमाला पाणी दिलं व्हतं म्हणं.

“व्हय. दोन तांबे.”

“गार व्हतं का?”

“व्हय.”

ती एवढंच म्हणाली की, सुतक फिटलं की मी वळणावर येईन, तोवर त्यो दगड कुणी हलवू नका.

पुढच्या फेरीला जानकूनं ट्रक वळणाच्या बराच पुढं, मोकळ्या जागेत लावला आणि केबिनमधून एकेक करून पाच दगड उतरवले. आंबेगावच्या डोंगरातले, त्याच्या खाचराच्या तालीवरचे. पलीकडच्या बांधातल्या पाच भोकांत ते बसवले, बोटांनी चाचपत. अर्धा तास लागला. मालकाचा फोन दोनदा वाजला, त्यानं उचलला नाही. आता गाडी कुठंही बंद पडली तरी असंच करतो म्हणाला. दगड जिथून घेतला तिथं परत. सहावं भोक त्यानं तसंच ठेवलं.

चौदाव्या दिवशी लंकाबाई आली. तिच्याबरोबर जावा होत्या. दगडापुढं नारळांचा ढीग झाला होता, कुणीतरी शेंदूर आणायचं बोलत होतं. लंकाबाईनं हात जोडले नाहीत. वाकली आणि दगड उचलला. एक जाऊ हळूच म्हणाली, अगं, कुंकवाला नको हात लावू आता. लंकाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला आणि बांधातल्या मोकळ्या भोकात तो दगड बसवला. एकदा हलवून पाहिला. हलला नाही.

मी वही काढली आणि पुरवणीत लिहिलं:

दगड, नग सहा. त्यांपैकी पाच मुद्देमालात. सहावा मूळ जागी. रस्ता मोकळा.